ठिपके तिथेच, जिथे दिवा पेटला

टायटॅनस जायगॅन्टियस हा भुंगेरा दक्षिण अमेरिकेत कुठून कुठपर्यंत राहत असावा, याचा अंदाज बांधून नकाशा करायचा, असं काम माझ्याकडे आलं. हे संगणकावर बसून उरकायचं काम आहे, अशीच बहुतेकांची समजूत होती. नोंदी उतरवून घ्यायच्या, हवामानाचे थर जोडायचे, मॉडेल चालवायचं, नकाशा छापायचा. मॉडेल चालवायला खरंच फार वेळ लागला नाही. महिने गेले ते त्याआधी, संग्रहालयांतल्या भुंगेऱ्यांच्या टाचणीला टोचलेल्या जुन्या चिठ्ठ्या वाचण्यात आणि त्या चिठ्ठीवरचं गाव आज पृथ्वीच्या पाठीवर नेमकं कुठे येतं हे ठरवण्यात. या अनुभवाबद्दल लिहिताना मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते याच भागाबद्दल.

आधी भुंगेऱ्याची ओळख. जगातल्या सर्वांत मोठ्या भुंगेऱ्यांपैकी हा एक. नोंदवलेला सगळ्यात मोठा नमुना १६.७ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे मोठ्या माणसाचा तळहात आणि बोटं जवळजवळ झाकली जातील एवढा. रंग गडद तपकिरी, जबडा इतका ताकदीचा की लाकडी पेन्सिल मोडतो. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानं १७७१ साली त्याचं वर्णन केलं. म्हणजे शास्त्राला तो अडीचशे वर्षं माहीत आहे, आणि तरीही त्याची अळी आजवर कोणा शास्त्रज्ञानं पाहिलेली नाही. जमिनीखाली किंवा बुंध्याच्या तळाशी कुजणाऱ्या लाकडात ती कित्येक वर्षं वाढत असावी, असा तर्क आहे. प्रौढ भुंगेरा काही खात नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवर थोडे आठवडे काढतो, जोडीदार शोधतो आणि मरतो. माणसाच्या नजरेला पडतात ते बहुतेक नर, कारण रात्री दिव्याकडे उडत येतात ते तेच.

कोकणातल्या वाचकांना हे कूळ अनोळखी नाही. आंब्याच्या खोडात शिरणारा भिरूड याच लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला. माझ्या मामाची रत्नागिरीकडे बाग आहे. त्यानं आणि त्याच्यासारख्या हरेक बागायतदारानं भोकात तारेचा आकडा घालून भिरुडाची अळी ओढून काढलेली आहे. टायटॅनसची अळी कुणी पाहिलीच नाही हे ऐकून तो फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अगो, मग तो राहतो कुठं हे तुम्ही सांगणार कशावरून?" माझ्या कामाचा मूळ प्रश्न त्यानं एका वाक्यात मांडला होता. अळी जिथे वाढते ते त्याचं खरं घर. आमच्या हाती पुरावा आहे तो फक्त प्रौढ नर दिव्यापाशी जिथे उतरला त्या जागेचा.

हा भुंगेरा निवडण्यामागे एक सोयीचं कारणही होतं. टायटॅनस या प्रजातीत (जीनसमध्ये) ही एकच जाती (स्पीशीज) आहे आणि दिसायला ती इतकी वेगळी आहे की जाणकार फोटोवरूनही ओळखतो. कीटकांच्या बाबतीत हे भाग्यच म्हणायचं. कित्येक भुंगेऱ्यांच्या जुन्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही, कारण तेव्हा जी एक जाती समजली गेली तिच्या आज चार झालेल्या असतात. इथे नावाची शंका जवळजवळ नव्हती. सगळी शंका जागेची होती.

जगभरच्या संग्रहालयांतल्या नोंदी एकत्र देणारा जीबीआयएफ हा मोठा खुला साठा आहे. त्यातून नोंदी घेतल्या, लोकांनी टाकलेले फोटो आयनॅचरलिस्टवरून घेतले आणि छापील यादीतल्या नोंदी स्वतंत्र उतरवल्या. नकाशावर पहिल्यांदा टाकल्या तेव्हा एक ठिपका आफ्रिकेजवळच्या समुद्रात पडला, शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशावर. रकाना रिकामा राहिला की संगणक शून्य धरतो, तसला तो ठिपका. असे ठिपके काढून टाकणं सोपं. देशाच्या बरोबर मध्यभागी पडलेले ठिपकेही ओळखू येतात. चिठ्ठीवर नुसतं "ब्राझील" असतं आणि नोंद करणाऱ्यानं देशाचा मध्य काढून टाकलेला असतो. अवघड असतात ते ठिपके, जे जंगलात, अगदी पटेल अशा जागी पडतात आणि तरीही चुकीचे असतात.

"कायेन" हे त्यातलं पहिलं. फ्रेंच गयानाची राजधानी कायेन. एकोणिसाव्या शतकात पॅरिसला पोचलेल्या असंख्य कीटकांच्या चिठ्ठीवर एवढाच शब्द आहे. पण त्या काळी कायेन म्हणजे शहर की सगळी वसाहत, हे लिहिणाऱ्यालाही वेगळं करायची गरज वाटत नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी एक गुंता झाला. तिथे फ्रान्सची शिक्षेची वसाहत होती आणि कैद्यांनी जंगलात पकडलेली फुलपाखरं नि भुंगेरे विकत घेऊन युरोपला पाठवण्याचा रीतसर धंदा चाले. मारोनी नदीकाठच्या सें-लोराँ गावाचं नाव असलेली चिठ्ठी वाचताना म्हणून प्रश्न पडतो: भुंगेरा तिथे सापडला, की तिथे विकला गेला? अशा प्रत्येक नोंदीला मी एक वर्तुळ दिलं, म्हणजे ही जागा इतक्या किलोमीटरच्या आत कुठेतरी. वर्तुळ ठरावीक मापापेक्षा मोठं झालं की नोंद मॉडेलमधून बाहेर. जुन्या फ्रेंच नकाशांवरचे रेखांश ग्रिनिचपासून नसून पॅरिसपासून मोजलेले असतात, हेही लक्षात ठेवावं लागतं. विषुववृत्ताजवळ त्या फरकाचे जवळपास २६० किलोमीटर होतात.

"पारा" हे दुसरं. आज पारा हे ब्राझीलचं राज्य आहे, अनेक युरोपीय देश पोटात मावतील एवढं. पण हेन्री वॉल्टर बेट्स आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस हे ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ १८४८ साली ज्या "पारा"ला उतरले ते म्हणजे आजचं बेलें शहर. चिठ्ठी कोणत्या काळातली आहे हे कळल्याशिवाय शहर धरायचं की राज्य, हे ठरत नाही. शाई, अक्षर, कागदाची कड, टाचणीचा प्रकार, संग्रह कोणाकडून कोणाकडे गेला, अशा गोष्टींवरून अंदाज घ्यावा लागतो. जुन्या भुंगेऱ्यांचे संग्रह सांभाळणारी माणसं या बाबतीत फार मोठी आहेत. एका संग्रहालयातल्या बाईंना मी नुसता चिठ्ठीचा फोटो पाठवला होता. मजकूर वाचायच्या आधीच, कागदाच्या हिरवट छटेवरून, त्यांनी हा संग्रह कोणाचा असावा ते सांगितलं.

बेट्स अकरा वर्षं अॅमेझॉनवर राहिला. १८५९ साली परतला तेव्हा त्याच्या संग्रहात १४,७१२ जाती होत्या, बहुतेक कीटक, आणि त्यातल्या सुमारे ८,००० शास्त्राला नव्या. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांवर त्यानं सविस्तर लिहिलंय. मला त्या इतर भुंगेऱ्यांच्या नोंदीही हव्या होत्या. का ते पुढे येईल. त्या तपासताना "सांव पावलो" अशी जागा दिसली की मी थांबायचे. बेट्सनं ज्या सांव पावलोत जमवाजमव केली ते सोलिमोंइस नदीवरचं (मनाउसच्या वरच्या अॅमेझॉनला ब्राझीलमध्ये हे नाव आहे), पेरूच्या सीमेकडचं सांव पावलो दे ओलिवेन्सा. त्या नावाचं महानगर तिथून तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर, आग्नेयेला आहे. नोंद चुकून महानगरावर पडली तर अॅमेझॉनचा भुंगेरा पठारावरच्या थंडीत जाऊन बसतो आणि मॉडेल तेही हवामान इमानेइतबारे शिकून घेतं.

ही तक्रार नवी नाही. वॉलेस १८५२ साली इंग्लंडला निघाला तेव्हा वाटेत जहाजाला आग लागून त्याचा बराचसा संग्रह गेला. तरी त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानं लंडनमध्ये अॅमेझॉनच्या माकडांवर निबंध वाचला. त्यात तो म्हणतो की संग्रहालयांतल्या नमुन्यांवर जागा म्हणून "दक्षिण अमेरिका", "ब्राझील", "गयाना" असं मोघम लिहिलेलं असतं. "अॅमेझॉन नदी" एवढं लिहिलेलं मिळालं तरी आपण नशीबवान. पण नदीच्या या काठाला की त्या, हे मात्र कळत नाही. आणि तेच कळायला हवं, कारण मोठ्या नद्या कित्येक जातींच्या सीमा असतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा हा निबंध मी कामाच्या ऐन मध्यात वाचला. माझ्यासमोरच्या फाइलमधल्या अडचणीचं इतकं अचूक वर्णन मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

आणि काही चिठ्ठ्या आता कधीच वाचता येणार नाहीत. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दी जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. १८१८ साली स्थापन झालेलं. तिथल्या कीटकसंग्रहात सुमारे ५० लाख नमुने होते. जवळजवळ सगळे गेले. अभ्यासासाठी उसने म्हणून दुसऱ्या संस्थांकडे गेलेले काही वाचले. ब्राझीलमध्ये कीटकांवर काम करणाऱ्या कोणाशीही बोला, त्या रात्रीचा विषय निघतोच, आणि बोलणाऱ्याचा आवाज बदलतो. नमुना पुन्हा पकडता येईल, पण एखाद्या ठिकाणी अमुक साली हा भुंगेरा होता ही गोष्ट पुन्हा मिळवता येत नाही. आज त्या जागी सोयाबीनचं शेत असेल तर मुळीच नाही.

एवढं सगळं गाळून उरलेले ठिपके नकाशावर टाकले. फ्रेंच गयाना जवळजवळ झाकून गेलं. अॅमेझॉनच्या मध्यावरच्या मनाउस या ब्राझीलच्या शहराच्या आसपास एक झुबका, पेरू आणि एक्वादोरमध्ये जंगलातल्या निवासांपाशी आणि तेलकंपन्यांच्या रस्त्यांलगत काही, आणि मध्ये प्रचंड पांढरी जागा. फ्रेंच गयानाचं क्षेत्रफळ सुमारे ८४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मग भुंगेरा तिथेच गर्दी करून राहतो का? तर तसं नाही. तिथे काव डोंगरावर चांगला रस्ता आहे, भरपूर पाऊस पडणारं जंगल रस्त्याला लागून आहे, आणि कित्येक वर्षं जगभरचे हौशी संग्राहक अमावास्येच्या सुमाराला तिथे पांढरी चादर नि मर्क्युरीचा दिवा लावून बसत आलेत. ठिपके भुंगेऱ्यांचे असले, तरी नकाशा उमटला होता रस्त्यांचा, जनित्रांचा आणि विमानतळापासूनच्या अंतराचा. एसटी स्टँडवर उभं राहून जिल्ह्याची जनगणना करावी, तशी ही मोजणी.

इथे मॉडेलची रीत थोडी सांगावी लागेल. मी वापरलं ते मॅक्सएंट, २००६ साली प्रसिद्ध झालेली आणि या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत. भुंगेरा जिथे सापडला त्या चौकोनांचं हवामान कसं आहे आणि सगळ्या प्रदेशातलं हवामान कसं आहे, यांची ती तुलना करते. हाती असलेल्या पुराव्याशी जुळेल एवढंच मानायचं आणि त्यापलीकडे शक्यता जितकी सारखी पसरवता येईल तितकी पसरवायची, हे तिचं तत्त्व. उत्तर येतं ते प्रत्येक चौकोनाला शून्य ते एकमधला एक आकडा: ही जागा या जातीला कितपत मानवेल. "भुंगेरा नाही" अशी नोंद तिला लागत नाही, आणि आपल्याकडे तशी नोंद नसतेच. पण याचीच दुसरी बाजू अशी की सगळे ठिपके रस्त्याकडेचे असतील, तर रस्त्याकडेचं हवामान म्हणजेच भुंगेऱ्याची आवड, असं ती समजून बसते.

यावर उपाय आहे. तुलनेसाठी प्रदेशभरातून वाटेल तशा जागा न घेता, जिथे जिथे कोणीतरी रात्री दिवा लावून अशाच प्रकारचे कीटक गोळा केले, त्याच जागा घ्यायच्या. म्हणूनच मला दिव्यावर येणाऱ्या इतर मोठ्या लांबमिश्या भुंगेऱ्यांच्या हजारो नोंदी, बेट्सच्यासुद्धा, धुऊनपुसून हव्या होत्या. आता प्रश्न असा पडतो: दिवा तर या सगळ्या ठिकाणी लागला होता, मग त्यांतल्या कोणत्या ठिकाणी टायटॅनस आला? दिव्याचा दोष दोन्ही पारड्यांत सारखा पडतो आणि बऱ्याच अंशी कटतो. हा बदल केल्यावर फ्रेंच गयानाचा लालभडक डाग निवळला आणि पश्चिमेकडे, सोलिमोंइसच्या दोन्ही बाजूंना रंग चढला. संपूर्ण कामातला सगळ्यात मोठा फरक कोणत्या एका निर्णयानं पडला असं विचारलं, तर मी हाच सांगेन. मॉडेलच्या किल्ल्या फिरवण्यावर लोक महिनोन्महिने घालवतात; त्यातला अर्धा वेळ तुलनेच्या जागा निवडण्याला द्यावा असं माझं ठाम मत आहे.

हवामानाचे थर मी वर्ल्डक्लिमचे घेतले. १९७० ते २००० या काळातलं तापमान आणि पाऊस यांपासून काढलेले १९ घटक त्यात मिळतात. एक गोष्ट त्यात नेहमी खटकते. "सर्वांत ओल्या तीन महिन्यांचं तापमान" यासारखे घटक नकाशावर उघडून पाहिले की अखंड जंगलातून सुरीनं कापल्यासारखी रेघ गेलेली दिसते. एका चौकोनात ओले महिने मार्चपर्यंत धरलेत, शेजारच्यात एप्रिलपासून, आणि तेवढ्यावरून आकडा उडी मारतो. जंगलात तिथे काहीच बदललेलं नसतं. असे चार घटक मी सरळ सोडून दिले. शिवाय अॅमेझॉनच्या आतल्या भागात हवामानकेंद्रं फार विरळ आहेत, त्यामुळे जे आकडे आपण मोजलेले म्हणून वापरतो ते पुष्कळदा दूरच्या दोन केंद्रांमधून ओढलेले असतात. हे माहीत असताना एक किलोमीटरच्या चौकोनाचा नकाशा छापणं मला पटलं नाही. मी जाड चौकोन घेतले.

किती मोठा प्रदेश धरायचा, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. सगळं दक्षिण अमेरिका खंड धरलं तर मॉडेलची परीक्षा फार सोपी होते. आटाकामाचं वाळवंट आणि पॅटागोनियाचा गारठा तुलनेला असला की कुठलंही मॉडेल "इथे भुंगेरा नाही" हे बरोबर सांगतं आणि गुण एकपैकी ०.९ च्या वर जातात. त्या गुणांना अर्थ नसतो. मी अँडीजच्या पूर्व उतारापर्यंतचा, ओरिनोकोच्या वरच्या खोऱ्यापासून जंगल संपून सेरादोचा गवताळ माळ सुरू होतो तिथपर्यंतचा प्रदेश धरला. गुण घसरले, आणि घसरलेलेच मला जास्त खरे वाटले. तपासणीही तशीच केली. ठिपके चाळणीतून काढल्यासारखे इकडून तिकडून न निवडता, एकदा सगळं गयाना बाजूला ठेवायचं आणि बाकीच्यांवर शिकलेल्या मॉडेलला गयाना ओळखता येतं का पाहायचं. मग पेरू-एक्वादोर बाजूला ठेवायचं. शेजारच्या ठिपक्यावरून शेजारचा ठिपका ओळखणं ही काही परीक्षा नव्हे.

शिकलेलं मॉडेल नंतर साऱ्या खंडावर पसरून पाहिलं, तेव्हा दोन जागा उजळल्या. एक कोलंबियाचा पॅसिफिककडचा चोको प्रदेश, जगातल्या सर्वांत ओल्या भागांपैकी एक. दुसरी ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलाचा तुकडा. दोन्ही ठिकाणचं हवामान टायटॅनसला चालेल असं मॉडेल म्हणतं, आणि हवामानापुरतं ते चूकही नसेल. पण चोकोच्या आणि अॅमेझॉनच्या मध्ये अँडीज उभा आहे. अटलांटिक जंगलाच्या आणि अॅमेझॉनच्या मध्ये काचिंगाची काटेरी झुडपं आणि सेरादोचा माळ, शेकडो किलोमीटर कोरडा पट्टा. थोडे आठवडे जगणारा, न खाणारा, जडपणे उडणारा भुंगेरा तो कसा ओलांडणार? आणि मादी तर उडताना क्वचितच कोणी पाहिली आहे. मानवणारी जागा आणि पोचता येणारी जागा यांतलं अंतर या दोन डागांइतकं स्पष्ट मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिसलं नव्हतं. नकाशात ते भाग मी राखाडी ठेवले.

पुराच्या जंगलाचा निर्णय मात्र फार विचार करून घ्यावा लागला. मनाउसपाशी नदीची पातळी वर्षात साधारण दहा मीटर वरखाली होते. काठची वार्झिया आणि इगापो ही जंगलं महिनोन्महिने पाण्याखाली असतात. पूर न पोचणारं उंचावरचं जंगल ते तेर्रा फिर्मे. अळी जमिनीखालच्या लाकडात वर्षानुवर्षं राहत असेल, तर पुराखालची जमीन तिला कशी चालेल? पुरात बुडणारी जंगलं दाखवणारा नकाशा उपलब्ध आहे, १९९० च्या दशकातल्या एका जपानी उपग्रहाच्या रडारवरून केलेला. तो मॉडेलमध्ये घालण्याचा मोह झाला. पण माझे ठिपके नराचे, तेही दिव्यापाशी आलेल्या. नदीकाठच्या गावातल्या दिव्यावर आलेला नर आतल्या उंच जमिनीवरूनही आलेला असू शकतो. त्या ठिपक्यावरून मॉडेल शिकणार की भुंगेऱ्याला पुराची जमीन आवडते. म्हणून पुराचा थर मॉडेलला दिला नाही, तयार नकाशावर रेघारेघांनी वेगळा दाखवला. अळीबद्दलचा आमचा तर्क आणि नराबद्दलचा आमचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी वाचणाऱ्याला वेगळ्या दिसाव्यात, म्हणून.

या सगळ्या काळात मी मनाउसलाच होते, आणि पाऊस सुरू झाल्यावर इथल्या सहकाऱ्यांबरोबर दिव्याच्या रात्रींनाही जात होते. परवाने त्यांचे, आम्ही फक्त फोटो, माप आणि जागा घेऊन भुंगेरा सोडून देणार होतो. शहराच्या उत्तरेला जंगलातल्या कच्च्या वाटेवर दोन झाडांमध्ये चादर ताणायची, जनित्र दूर ठेवायचं, आणि बसायचं. आमच्याबरोबर एक वयस्क माटेइरो असत. जंगलाची वाट जाणणाऱ्या माणसाला इथे माटेइरो म्हणतात. ते चादरीकडे फारसं बघायचेच नाहीत. मला म्हणाले, "तुम्ही मागे बघा, गवतात." मोठे भुंगेरे चादरीवर येऊन बसत नाहीत, प्रकाशाच्या कडेला आपटतात आणि तिथेच चालू लागतात. पावसाची सर थांबून हवा दमट, स्तब्ध झाली होती, तेव्हा डोक्यावरून जड घरघर गेली आणि वाटेपलीकडे काहीतरी पडलं. त्यांनीच टॉर्च धरला. नर होता. जवळ जाताच पुढचे पाय रोवून, जबडा उघडून तो फुसफुसला. मोजपट्टी धरताना माझा हात थरथरत होता, आणि माप दोनदा घ्यावं लागलं.

त्या आनंदाइतक्याच मला बाकीच्या रात्री महत्त्वाच्या वाटतात. त्याच जंगलात, त्याच दिव्यापाशी, पहाटेपर्यंत बसून टायटॅनस न आलेल्या रात्री. तो तिथे राहतो हे आम्हाला ठाऊक असतानाही तो येत नाही. चांदणं असेल, वारा असेल, पाऊस थांबतच नसेल, किंवा काहीच कारण दिसत नसेल. आला तरी गवतात उतरलेला, पाठमोऱ्या बसलेल्या माणसाला दिसत नाही. मग ज्या ठिकाणी कोणीतरी कधीतरी एकच रात्र दिवा लावून गेलंय, तिथल्या रिकाम्या वहीवरून काय ठरवायचं? या रिकाम्या रात्री कोणी लिहूनच ठेवत नाही, ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी उणीव आहे. सापडलं ते संग्रहालयात जातं. बसूनही मिळालं नाही, ते विरून जातं.

शेवटचा नकाशा असा आला. गयानाचा प्रदेश आणि पश्चिम अॅमेझॉन हे दोन गडद भाग. मध्ये रोराइमाच्या माळरानापाशी आणि ओबिडोस ते सांतारें या तुलनेनं कमी पावसाच्या पट्ट्यात रंग फिका. माझ्या मॉडेलनं सर्वाधिक वजन दिलं ते कोरड्या महिन्यांत पडणाऱ्या पावसाला, आणि कुजणाऱ्या लाकडाचा ओलावा वर्षभर टिकायला हवा हे धरलं तर ते समजण्यासारखं आहे. दक्षिणेला ब्राझीलच्या रोंदोनिया राज्याकडे मॉडेल मध्यम रंग देतं, पण ब्राझीलची अवकाशसंस्था इन्पे १९८८ पासून दर वर्षी जंगलतोडीचं जे मोजमाप करते ते त्यावर ठेवलं की त्यातला मोठा भाग आज कुरणं आहे. म्हणून हवामानाचा अंदाज आणि उरलेलं जंगल असे दोन्ही नकाशे मी शेजारी शेजारी छापले. एकट्या पहिल्या नकाशावर भुंगेरा आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतो.

आणि एक मोठा गडद भाग, ज्यात जवळपास एकही ठिपका नाही: जुरुआ, पुरुस आणि मदेइरा या नद्यांच्या मधलं जंगल. १९७६ साली खुला झालेला आणि नंतर मधल्या टप्प्यात चिखलात गेलेला मनाउस ते पोर्तो वेल्यो हा बीआर-३१९ रस्ता त्याच्या पूर्व कडेनं जातो. तो पुन्हा पक्का करण्यावरून ब्राझीलमध्ये वाद चालू आहे. रस्ता झाला की दिवे जातील आणि ठिपके पडतील. पण रस्त्यामागून करवतही जाते, हे रोंदोनियात सगळ्यांनी पाहिलंय. तिथे काय राहतं हे त्याआधी कळावं असं मला फार वाटतं.

प्रसिद्धीच्या वेळी सहकाऱ्यांशी एका मुद्द्यावर बरीच चर्चा झाली. मोठा टायटॅनस संग्राहकांच्या बाजारात चांगल्या किमतीला विकला जातो. आमचा बारीक नकाशा म्हणजे कुठे जावं याची त्यांना आयती वाटच. म्हणून छापील नकाशातले चौकोन मोठे ठेवले आणि नेमके अक्षांश-रेखांश संग्रहालयांकडेच राहू दिले. अभ्यासासाठी मागितले तर ते देतात. काहींना हे खुल्या विज्ञानाच्या विरुद्ध वाटलं. ज्या जीवाची अळीसुद्धा आपण पाहिलेली नाही, त्याचे किती भुंगेरे पकडून नेल्यानं काय होईल हे सांगण्याइतकं आपल्याला त्याच्याबद्दल ठाऊक नाही, असं माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

जुरुआ आणि पुरुसच्या खोऱ्यांतल्या, होडीनं पोचता येईल अशा जागांची यादी मी मनाउसच्या गटाला करून दिली: प्रत्येक जागी तेर्रा फिर्मे किती आत आहे, मॉडेलचा आकडा किती, पाऊस कधी सुरू होतो. सोबत नोंदवहीचा एक कोरा तक्ता जोडला. त्यात सापडलेल्या भुंगेऱ्यासाठी एक रकाना आहे. बाकीचे सगळे दिवा किती वाजता लावला, किती वाजता विझवला, चंद्र कोणता, पाऊस कधी थांबला आणि गवतात कोणी पाहिलं का, यांसाठी. रिकाम्या रात्रीचा तक्ताही भरूनच परत पाठवायचा, हे त्यांनी मान्य केलंय. पुढच्या पावसात पहिली होडी तेफेहून निघेल.